भासऱ्याच्या गोठ्यातली डाळ मिल

दोन हजार बावीस साली वडनेरच्या बायांचं रूपरावजींशी जे वाकडं आलं, ते अजून सरळ झालेलं नाही.

त्या वर्षी बचत गटाला सरकारी योजनेतून तूर भरडायची लहान डाळ मिल मिळाली. ठेवायला जागा नव्हती. गटाची अध्यक्ष शकुबाई. तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ रूपरावजी, यांनी आपला रिकामा गोठा देऊ केला. गावानं वाहवा केली. महिनाभरात गोठ्याला त्यांचं कुलूप लागलं. आधी त्यांची तूर, मग त्यांच्या सोयऱ्यांची, आणि बाया टोपल्या घेऊन उन्हात.

"अध्यक्षीणबाई, किल्ली मांगा ना," गटाची सचिव मोहिनी टोचायची. "का गोवऱ्या थापाले येतो आमी इथं?"

शकुबाई मागणार कशी? लग्नाला तीस वर्षं झाली होती. भासऱ्यांपुढे तिनं डोईवरचा पदर ढळू दिला नव्हता की तोंडातून शब्द काढला नव्हता. काही सांगायचंच झालं तर भिंतीला सांगायचं, ऐकणाऱ्यानं ऐकून घ्यायचं. जुन्या घरांतून तशीच रीत होती. सासूनं ती मरेपर्यंत पाळली, आणि शकुबाईलाही तिचा अभिमान होता.

मग वर्ध्याहून तपासणीचं पत्र आलं. मिल गटाच्या ताब्यात दिसली तर पॅकिंगचं यंत्र आणि स्वतःची शेड मिळणार. नाहीतर मिलसुद्धा परत जाणार. शकुबाईनं आठ दिवस उत्तरं पाठ केली. चुलीपुढे घडाघडा म्हणायची.

तपासणीच्या दिवशी रूपरावजी गोठ्याच्या दारातच खुर्ची टाकून बसले.

"मिल कोण चालवतं?" तपासणीच्या मॅडमनी विचारलं.

"आमीच. घरचीच हाये," रूपरावजी म्हणाले.

"अध्यक्ष ताई, तुम्ही सांगा."

शकुबाईनं पदर पुढे ओढला, भिंतीकडे तोंड केलं. "गटाची हाये," ती म्हणाली, पण ते भिंतीनंच ऐकलं.

"खोटं बोलून राह्यले हे," मोहिनी म्हणाली.

"तुह्या सासऱ्याले इचारून आली का व पोरी?" रूपरावजी हसले.

मॅडमनी पुन्हा शकुबाईकडे पाहिलं. ती वळली नाही. मॅडमनी लिहिलं, मिल खासगी वापरात आहे.

पंधरा दिवसांनी टेम्पो आला. मिल चढवताना रूपरावजी चारचौघांत म्हणाले, "बायांच्यानं सरकारी वस्तू टिकते कुठं?"

शकुबाईनं पदर मागे सारला. भासऱ्यांना कधी हाकच मारली नव्हती, त्यामुळे काय म्हणून मारावी तेही तिला ठाऊक नव्हतं.

"रूपराव," ती म्हणाली. नुसतं रूपराव; जी नाही.

त्यांनी मागे वळून दुसऱ्याच बायांकडे पाहिलं. तिचा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता.

"इकडं पाहा. मी बोलून राह्यली. गोठा मोकळा झाला तुमचा. आता सोताले बांधून घ्या तिथं."

टेम्पोवाला फसकन हसला.

ती मिल आज कारंजा घाडग्याच्या एका गटाकडे चालते. मॅडमची बदली झाली. मोहिनी आता अध्यक्ष आहे. तिनं नवा अर्ज ग्रामपंचायतीची जागा आधी लिहून घेऊन मगच दिला, त्याचं उत्तर यायचं आहे. गोठ्याला कुलूप तसंच आहे. रूपरावजींची तूर हिंगणघाटला भरडायला जाते. शकुबाई घरच्या जात्यावर भरडते, आणि त्यांच्या दारावरून जाताना रोज त्यांना नावानं हाक मारते.

त्यांनी अजून एकदाही ओ दिलेली नाही.