उजवा गुडघा

"बिब्बा तेवढा लावू नका हां काका, कातडी सोलून निघते," क्षमा म्हणाली आणि हातातली भाजीची पिशवी तिने जिन्याच्या पायरीवर टेकवली.

पेडणेकर पहिल्या मजल्याच्या वळणावर कठडा धरून उभे होते. बिब्बा सुचवणारे अंबादासराव चौथ्या मजल्यावरचे. ते हार मानायला तयार नव्हते. त्यांच्या आजोळी म्हणे सगळ्यांचे सांधे बिब्ब्यानेच मोकळे झाले होते. एवढ्यात तळमजल्यावरच्या संघमित्राबाई बोलणं ऐकून वर आल्या. बिब्बाही नको नि काही नको, आपल्याकडे गुडघ्याला बांधायचा पट्टा पडून आहे, तो घेऊन जा, असं त्यांनी जाहीर केलं. एका गुडघ्याभोवती तीन माणसं उभी होती आणि तिघांचं एकमेकांशी पटत नव्हतं.

गुडघा तेव्हा खरोखरच दुखत होता. एक पायरी उतरायची म्हटलं की डोळ्यांत पाणी यायचं. तरीही त्या दिवशी घरात आल्यावर पेडणेकरांना बरं वाटलं. खूप दिवसांनी कुणीतरी त्यांच्याशी बोललं होतं.

मुलुंड पूर्वेच्या त्या बिनलिफ्टच्या इमारतीत श्यामसुंदर पेडणेकर तीस-पस्तीस वर्षं राहत होते, पण त्यांना ओळखणारे फारसे नव्हते. इमारत ओळखायची ती माणिकताईंना. कुणाच्या मुलीचं कुठे जमतंय, कुणाच्या नळाला पाणी कमी येतंय, सगळं त्यांना माहीत. पेडणेकर म्हणजे माणिकताईंचे मिस्टर, त्यांच्या मागून पिशवी घेऊन चालणारे. घाटकोपरच्या एका कारखान्यात त्यांनी स्टोअर सांभाळलं. नटबोल्टांशी बोलावं लागत नाही, त्यामुळे नोकरीही गुमान झाली. घरी आल्यावर बायको दिवसभराचं सांगायची आणि हे "हं" म्हणायचे. त्या "हं"वर संसार उत्तम चालला होता.

मागच्या वर्षी माणिकताई गेल्या. तेराव्यापर्यंत दार बंद करायलाही सवड नव्हती. पुढे येणं कमी झालं आणि मग थांबलं. लोक वाईट नव्हते. पण या माणसाशी बोलायचं काय, हे कुणालाच कळत नसे. खुद्द पेडणेकरांनाही कळत नसे.

गुडघ्याने तो प्रश्न सोडवला. दुखण्याला ओळख लागत नाही. मराठी माणसासमोर नुसतं "आई गं" म्हणून पाहा, खात्रीचा उपाय घेऊनच तो पुढे जाईल. अंबादासरावांनी निर्गुडीचं तेल आणून दिलं, वांगं आणि वाटाणा बंद करायला लावला. संघमित्राबाईंचा पट्टा आला. समोरच्या दारातली क्षमा कुर्ल्याला नोकरीला जायची, नवरा फिरतीवर. रविवारी सुट्टी मोडून तिने मेथीचे लाडू वळले आणि स्टीलचा डबा भरून आणून दिला.

डबा रिकामा परत करायचा नसतो, हे पेडणेकरांना माणिकताईंमुळे माहीत होतं. काही नसलं तर निदान साखर. त्यांनी डबा घासला, तळाशी साखर घातली आणि नेऊन दिला. दोन आठवड्यांनी तो पुन्हा भरून आला.

हाडांच्या डॉक्टरांकडेही ते गेले. वयाचा संधिवात, उजवा गुडघा, घाबरण्यासारखं काही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. जेवणानंतरच्या गोळ्या दिल्या, गरम पाण्याचा शेक सांगितला, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायचा व्यायाम शिकवला. उजवा दुखतोय तर काठी डाव्या हातात धरा, हेही बजावलं. पेडणेकर स्टोअरकीपर. सांगितलेलं सगळं त्यांनी जिथल्या तिथे केलं.

बोलायलाही ते शिकले. ठणका वेगळा, कळ वेगळी आणि अवघडणं वेगळं. सकाळी चहा गाळताना ते मनाशी जुळवायचे की आज काय सांगायचं. रात्री ठणकत होता म्हणावं, की मांडी घालून बसलो तेव्हा कळ आली म्हणावं? मग जिना उतरायचे. कुणी ना कुणी विचारायचंच. बंगलोरहून गंधालीचा, त्यांच्या मुलीचा, रविवारी फोन यायचा. तीही आता "जेवलास का" याच्यापुढे जाऊन गोळ्यांची नावं विचारायची आणि बराच वेळ बोलायची.

आणि दिवाळीच्या सुमारास गुडघा बरा झाला.

एका सकाळी कठडा न धरता आपण खाली आलो, हे त्यांना गेटपाशी पोचल्यावर कळलं. त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला. संघमित्राबाई दारात तुळशीला पाणी घालत होत्या. "वा, झालात की बरे," म्हणाल्या आणि आत गेल्या. अंबादासरावांनी लांबूनच अंगठा दाखवला. रात्री गंधालीला सांगितलं तर ती म्हणाली, बरं झालं बाबा, एक काळजी मिटली, आता ठेवते. फोन ठेवल्यावर पेडणेकरांच्या लक्षात आलं की दिवसभरात याखेरीज आपण फक्त दूधवाल्याशी बोललो, तेही "अर्धा लिटर".

दुसऱ्या दिवशी त्यांनी काठी पुन्हा हातात घेतली.

थंडीने पुन्हा धरलाय, म्हणाले. सगळ्यांना वाईट वाटलं. अंबादासरावांनी तेलाची नवी बाटली आणली. क्षमाचा डबा पुन्हा भरून आला. पेडणेकरांना लाज वाटायची, नाही असं नाही. लाडू खाताना तर तोंड वाकडं व्हायचं. मेथीचा कडवटपणा निमित्ताला असायचाच. पण जिन्यात कुणी पिशवी टेकवून थांबलं की लाज मागे पडायची.

ते निभावलंही असतं. पण एका संध्याकाळी समोरच्या दारापाशी चाव्या वाजल्या. आज क्षमा लवकर आली होती. आत जाऊन कामाला लागली की दोन शब्दही व्हायचे नाहीत, म्हणून पेडणेकरांनी ओट्यावरचा डबा घाईने उचलला, काठी घेतली आणि लंगडत बाहेर आले.

"हा तुझा डबा, क्षमा. लाडवांचा फार गुण आला बघ. तरी जिना चढताना कळ येतेच."

क्षमाने डबा घेतला नाही. ती त्यांच्या पायांकडे बघत होती.

"काका, दुखतो तो उजवा ना?"

पेडणेकरांनी खाली पाहिलं. डबा डाव्या हातात होता. त्यामुळे काठी उजव्यात गेली होती, आणि काठीच्या मागोमाग लंगडणंही डाव्या पायात गेलं होतं. उजवा पाय पूर्ण भार घेऊन खणखणीत उभा होता.

क्षमाने हळूच डबा त्यांच्या हातातून काढून घेतला, बरं म्हणाली आणि दार लावलं. दार आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं पेडणेकरांना वाटलं.

आता सगळ्या इमारतीला कळणार. एव्हाना ते इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रूपवर गेलं असेल. ते फोन उघडायला धजेनात. सकाळी उसनं बळ आणून, काठी घरात ठेवून ते खाली उतरले. अंबादासराव समोर आले आणि नेहमीसारखं आस्थेने विचारू लागले, काय म्हणतोय गुडघा, काठी कुठाय? क्षमाने कुणालाही काही सांगितलं नव्हतं.

म्हणजे हे असंच चालू ठेवता आलं असतं. तसं म्हटलं तर सोपं होतं, नुसतं "ठणकतोय" म्हणायचं.

"बरा झाला," ते म्हणाले. "पूर्ण बरा झाला. आता तेल नको."

बघा, निर्गुडी ती निर्गुडी, असं म्हणत अंबादासराव खुशीत निघून गेले. पेडणेकर गेटपर्यंत चालत गेले आणि परत आले. जाताना नाही, येतानाही नाही, कुणी थांबवलं नाही. चालणं इतकं सोपं झालं होतं की त्यांना रडू आलं.

घरात येऊन ते ओट्यापाशी पाणी प्यायले, तेव्हा साखरेचा डबा दिसला. घाईत क्षमाचा डबा त्यांनी रिकामाच परत केला होता. माणिकने ऐकलं असतं तर दिवसभर कपाळावर हात मारला असता. खोटं बोललो ते एक वेळ पोटात घातलं असतं, पण रिकामा डबा नाही.

संध्याकाळी त्यांनी माणिकच्या सहा वाट्यांच्या संचातली एक वाटी काढली, काठोकाठ साखर भरली आणि काठीशिवाय समोरची बेल वाजवली.

"काल डबा रिकामा दिला मी," ते म्हणाले. मग म्हणाले, "गुडघा दिवाळीतच बरा झालाय, क्षमा."

"माहितीय काका. जिन्यात ऐकू येतं ना. तुमचा पाय आधी पडतो, काठी नंतर."

"मग लाडू कशाला केलेस?"

क्षमाने वाटी दोन्ही हातांनी घेतली. साखर सांडेल म्हणून ती वाटीकडेच बघत होती.

"सरळ सांगायचं ना, घरात करमत नाही म्हणून."

"असं कसं सांगणार?" पेडणेकर म्हणाले.

आत कुकरची शिट्टी झाली. वाटी धुऊन देते, थांबा, असं म्हणून ती वळली.

"राहू दे," पेडणेकर घाईने म्हणाले. "घाई नाही. सावकाश दे."

ते घरी आले. तो आठवडा कुणी बेल वाजवली नाही. क्षमाला ऑफिसातून यायला उशीर होत असावा. जिन्यात दिसली की ती हसायची आणि चाव्या शोधायची. पेडणेकर सकाळी टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली घेऊन व्यायाम करत, वांगंही खाऊ लागले. संध्याकाळी दाराची कडी काढून ठेवत आणि खुर्ची जरा दाराजवळ ओढून बसत.

मांडणीवर आता पाचच वाट्या होत्या. त्यांनी त्या सरकवून जागा भरून काढली नाही. सहावी समोरच्या घरात होती, आणि ती रिकामी परत येणार नव्हती.