चतुराचा पंख

"बिघाड लेन्समध्येच आहे," ते पुन्हा म्हणाले. "कॅमेरा मी तपासलाय, सेटिंग तपासलंय. आता उरली ती लेन्सच."

दुरुस्तीवाल्याने मान डोलावली. लेन्स दिव्यासमोर धरून त्याने पुढून पाहिलं, मागून पाहिलं, कानाशी नेऊन हलकेच हलवली. त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. टेबलावर हिरवं कापड, त्यावर औषधांच्या रिकाम्या डब्यांत वेगवेगळे करून ठेवलेले बारीक स्क्रू. निवृत्तीनंतर पहिला कॅमेरा मिळाला तेव्हापासून ते इथे येत होते, काम असो वा नसो. बहुतेकदा गप्पाच मारायला. आज मात्र ते बसलेसुद्धा नव्हते.

दुरुस्तीवाल्याने लेन्स कॅमेऱ्याला लावली, कॅमेरा तिपाईवर चढवला, भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवलं आणि फोटो काढला. तो पडद्यावर मोठा करून दाखवला. अक्षरं सोडा, कागदाचे धागेसुद्धा मोजता आले असते. मग त्याने कॅमेरा तिपाईवरून उतरवून त्यांच्या हातात दिला.

"आता तुम्ही काढा, काका. हातात धरून."

त्यांनी कोपरं छातीशी घट्ट दाबली, श्वास रोखला, बटण दाबलं. अक्षरांना सावल्या फुटल्या होत्या. पुन्हा काढला. पुन्हा तेच. मग दुरुस्तीवाल्याने कॅमेरा आपल्या हातात घेऊन एक फोटो काढला, स्वतःच पाहिला, आणि त्यांना न दाखवता कॅमेरा बंद केला.

बराच वेळ तो लेन्सची काच पुसत राहिला. ती आधीच स्वच्छ होती.

"लेन्स ठणठणीत आहे, काका," तो खाली बघत म्हणाला. "तुम्ही एकदा कुणाला तरी दाखवून या."

"काय दाखवू?"

ते चिडले. तुला बिघाड सापडत नसेल तर तसं सांग, मी दुसरीकडे नेतो, असं म्हणून त्यांनी लेन्स पिशवीत घातली आणि चेन ओढायला लागले. चेन काही लागेना. दुरुस्तीवाला उठला, त्याने ती लावून दिली आणि त्यांना पार रस्त्यापर्यंत सोडायला आला. एरवी तो जागचा हलत नसे.

उभा जन्म त्यांनी हाताच्या जोरावर काढला होता. पूल बांधणाऱ्या खात्यात ते ड्राफ्ट्समन होते. ट्रेसिंग कागदावर शाईने नकाशे काढायचे, आणि रेघ चुकली तर ब्लेडने शाई खरवडायची, अशी तेव्हाची पद्धत. त्यांचं ब्लेड वापराविना गंजायचं. ऑफिसात त्यांना सगळे 'फुटपट्टी' म्हणत. एकदा साहेबांनी पट्टी मागितली तेव्हा शिपायाने यांनाच केबिनमध्ये नेऊन उभं केलं होतं. ही गोष्ट पुढे वर्षानुवर्षं जेवणाच्या सुट्टीत सांगितली जायची आणि प्रत्येक वेळी तेही हसायचे. मग कॉम्प्युटर आले. तेही ते शिकले, चांगले शिकले, पण माउसने काढलेली रेघ त्यांना आपली वाटायची नाही. ती कुणीही काढली असती तरी तशीच आली असती.

निवृत्त झाले तेव्हा मुलाने कॅमेरा दिला. बाबांचा वेळ जाईल, एवढाच त्याचा हिशेब. सुरुवातीला त्यांनी सगळ्यांसारखीच फुलं काढली, सूर्यास्त काढले, पाहुण्यांना नको नको म्हणेपर्यंत टिपलं. मग एका सकाळी गावाबाहेरच्या तळ्यावर गवताच्या पात्यावर बसलेला एक चतुर सापडला. घरी येऊन त्यांनी तो फोटो मोठा केला आणि खुर्ची पुढे ओढली. चतुराच्या पंखावर नकाशा होता. केसासारख्या काळ्या रेघा, एकीतून दुसरी फुटलेली, चौकोन, पंचकोन, कडेकडेने जाड होत गेलेली शीर. कुठे शाई पसरलेली नाही, कुठे खरवडल्याची खूण नाही. त्यांनी बायकोला हाक मारली. ती ओल्या हातांनीच आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "तुमच्याच हातचं वाटतंय."

त्या एका वाक्याने त्यांचा पुढचा काळ मार्गी लागला. घरात बारीक गोष्टी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स आली, मग तिच्याहून चांगली आली. फ्लॅश आला, फ्लॅशचा उजेड मऊ करायला उशीचा पांढरा अभ्रा फाडला गेला. किड्याच्या डोळ्याला डोळा भिडवून तासन्‌तास चिखलात गुडघे टेकून बसायचं आणि दुपारी पडद्यासमोर बसून एकेक रेघ न्याहाळायची, यात त्यांना जेवणाचं भान राहत नसे. "सवत आणली असती तर निदान चार भांडी तरी घासली असती," असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पण कपाटातला मधला कप्पा तिनेच रिकामा करून दिला होता.

दुकानातून आले त्या दिवशी त्यांनी त्याच बायकोवर आळ घेतला. कपाट पुसताना लेन्स तुझ्याच हातून पडली असणार, पडली तर पडली म्हण, लपवतेस कशाला, असं ते बरंच काही बोलले. तिने एकदाही नाही म्हटलं नाही. चहा आणून समोर ठेवला. कप अर्धाच भरलेला होता. रागाला तेवढं निमित्त पुरलं.

"आता चहासुद्धा मापून मिळायचा का या घरात?"

तिने कप त्यांच्याजवळ सरकवला.

"पूर्ण भरला की सांडतो तुमच्या हातून," ती म्हणाली. "म्हणून अर्धा देते. संपला की पुन्हा अर्धा देते."

"कधीपासून?"

"झाले बरेच महिने."

मांडीवर ठेवलेल्या उजव्या हाताकडे त्यांचं लक्ष गेलं. अंगठा तर्जनीवर घासत होता, काहीतरी बारीक मळत असल्यासारखा. ते स्वतः तो हलवत नव्हते, तो आपोआप हलत होता.

तळ्यावर त्यांच्यासारखीच रोज सकाळी येणारी एक निवृत्त नर्स होती. तिला सगळे सिस्टरच म्हणत. तिच्याकडे खिशात मावणारा साधा कॅमेरा होता. त्यांनी तिला कितीदा ऐकवलं असेल, सिस्टर, ऊन पाठीवर घ्या. सिस्टर, फोकस डोळ्यावर हवा, शेपटीवर नको. ती मुळीच मनावर घ्यायची नाही. आयुष्यभर डॉक्टरांचं ऐकून घेतलं भाऊ, आता तुमचं घेते, असं म्हणून हसायची आणि पुन्हा शेपटीवरच फोकस करायची.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. बाकावर तिच्याशेजारी बसले आणि हात पुढे करून विचारलं, सिस्टर, यात तुम्हाला काही दिसतं का?

तिने हाताकडे पाहिलं नाही. पाण्याकडे बघत म्हणाली, "डॉक्टरकडे गेलात का?"

"म्हणजे दिसतंय."

"मागच्या थंडीपासून. चालताना तुमचा डावा हात हलतो. उजवा अंगाला चिकटून असतो."

"मग बोलला का नाहीत?"

"वॉर्डात असते तर बोलले असते. पण इथे तुम्ही फार आनंदात असायचात, भाऊ. मला धीर झाला नाही."

डॉक्टर वयाने त्यांच्या मुलीसारखी होती. तिने त्यांना चालायला लावलं, बोटं एकमेकांवर आपटायला लावली, मनगट धरून हात वरखाली केला. बायको खुर्चीच्या कडेला टेकून सगळं बघत होती. शेवटी डॉक्टरने एक कोरा कागद आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं.

"काका, यावर वेटोळं काढा. गोगलगायीच्या पाठीवर असतं ना, तसं. आतून बाहेर."

त्यांनी खुर्ची जवळ घेतली. कागदाची कड टेबलाच्या कडेशी जुळवली. ती सवय हाताला अजून होती. पेन टेकवलं. पहिला वळसा बरा आला. दुसऱ्या वळशात रेघेला करवतीसारखे दात फुटले, तिसरा वळसा दुसऱ्याला जाऊन चिकटला. बायकोने मान खिडकीकडे वळवली.

पेन बरोबर नाही, असं ते म्हणाले. डॉक्टरने तिचं स्वतःचं पेन दिलं. मग त्यांनी दुसरा कागद मागितला. तिने तोही दिला, घाई केली नाही. दुसरं वेटोळं पहिल्यापेक्षा लहान आलं, गोळा होऊन बसल्यासारखं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि कागदावर तळवा पालथा घातला.

"माझा हात असा नाही, डॉक्टर."

"हो, काका," ती म्हणाली. कुठल्याही पेशंटला म्हणावं तसंच.

तेव्हा बायको खिडकीकडून वळली. "नदीवरचा मोठा पूल बघितलाय का तुम्ही? त्याचे नकाशे यांनी काढलेत. हाताने."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबली. "मी रोज त्यावरूनच येते," ती म्हणाली, आणि त्यानंतर जे सांगायचं ते तिने बायकोला न सांगता त्यांच्याकडे बघून सांगितलं. याला कंपवात म्हणतात. तो बरा होत नाही. गोळ्यांनी आटोक्यात राहतो, काही काळ चांगला राहतो, मग गोळ्या वाढवाव्या लागतात. तुम्ही फोटो काढता ना, काढत राहा, असंही ती म्हणाली.

ते काढत राहिले. गोळी घेतल्यानंतर हात निवांत व्हायचा तेवढा वेळ साधून ते तळ्यावर जायचे. तिपाई नेऊन पाहिली, पण तिचे पाय चिखलात रोवून होईपर्यंत चतुर समोरच्या काठावर पोचलेला असायचा. नाव काही उगीच पडलेलं नाही त्याचं. कधीतरी शंभरात एखादा फोटो चांगला यायचा. तो बघून आनंद होण्याऐवजी उरलेले नव्व्याण्णव आठवायचे. मग एके दिवशी पट्टा गळ्यात अडकवायच्या आधीच कॅमेरा हातातून निसटला आणि चिखलात पालथा पडला. मोडलं काहीच नाही. सिस्टरने उचलला, पदराने पुसला. ते मात्र त्याच्याकडे लांबूनच बघत होते, कुणा दुसऱ्याचा असल्यासारखे.

कॅमेरा, लेन्स, सगळं सिस्टरला देऊन टाकायचं त्यांनी ठरवलं तेव्हा बायकोने विरोध केला. राहू दे की कपाटात, काय खायला मागतंय, ती म्हणाली. त्यांनी तिला समजावलं की बंद ठेवलेल्या काचेला आतून बुरशी लागते, वापरात असली तरच लेन्स जगते. पिशवीत सगळं बायकोनेच भरलं, अभ्र्याचा तुकडासुद्धा घडी करून ठेवला.

सिस्टर घ्यायला तयार नव्हती. तिने पिशवी बाकावर त्यांच्या बाजूला सरकवली. "असं करू नका, भाऊ. नवीन औषधं येताहेत. होईल बरं."

"सिस्टर," ते म्हणाले, "तुम्ही तरी असं बोलू नका."

वॉर्डात हे वाक्य तिने किती जणांना ऐकवलं असेल, आणि त्यांतल्या किती जणांना ते खोटं आहे हे कळलं असेल, ते तिचं तिलाच ठाऊक. मग तिने पिशवी दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतली.

"बरं," ती म्हणाली. "मग शिकवा नीट. माझं काही खरं नाही हं, मला या बटणांची भीती वाटते."

त्यांनी शिकवलं. हा आकडा कमी केला की मागचं सगळं विरघळतं, हा वाढवला की पंख पूर्ण साफ येतो. कोपरं अंगाशी. श्वास सोडायचा आणि सोडून झाला की बटण दाबायचं. ती वाकायची तेव्हा तेही शेजारी वाकायचे, आणि आपले हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून ठेवायचे. शिकवताना तिच्या चुका झाल्या की ते चिडायचे, मग घरी येऊन बायकोला सांगायचे की बाई हुशार आहे, हात दगडासारखा आहे, इतकी वर्षं इंजेक्शनं दिलीत उगीच नाही.

एका दुपारी सिस्टरने चतुराच्या पंखाचा फोटो पाठवला. त्यांनी तो मोठा केला. सगळ्या शिरा आल्या होत्या, शेवटच्या चौकोनापर्यंत. दोष शोधायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी फोन करून सांगितलं की मागचं एक पातं बाजूला करायला हवं होतं. हो भाऊ, उद्या करते, ती म्हणाली. फोन ठेवल्यावर ते आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. बायकोने दार ओढून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत कुणाला आत जाऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीप्रमाणे लवकर उठले. सदऱ्याची बटणं आता बायको लावून द्यायची. तेवढा वेळ ते छताकडे बघत उभे राहायचे. गोळी घेतली, चप्पल घातली आणि तळ्याकडे निघाले. ती खिडकीत उभी होती. रस्त्यावर फारसं कुणी नव्हतं. ते सावकाश, पाय जपून टाकत चालले होते, आणि त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा थोडा वर उचललेला होता. कॅमेऱ्याच्या जड पिशवीचा पट्टा घसरू नये म्हणून इतकी वर्षं ते तसेच चालत आले होते. हाक मारून खांदा सरळ करायला सांगावं, असं तिच्या मनात आलं. तिने हाक मारली नाही. ते वळणाआड जाईपर्यंत तसेच चालत गेले.