होयबाची परीक्षा

पुष्पाबाईंची शाळा दुसरीतच सुटली होती. पण नात करिष्माला पाहायला आलेल्या पोराची परीक्षा घ्यायची ती त्यांनीच, हे मेहकरच्या त्या घरात कुणाला सांगावं लागत नव्हतं. लेक अविनाशनं पगार, शेत, घरदार विचारून घेतलं. मग पुष्पाबाईंनी पदर सावरला. पगारावरून माणूस कळत नाही, रिकाम्या गप्पांत कळतो, असं त्यांचं मत.

पोरगा पिंपळगाव राजा गावचा. नाव शिवम. खामगावात रस्त्यांचे, ले-आउटचे नकाशे काढायचा. सोबत मामा, पुंजाजी.

"काहो पाहुणे, किरकेट पाह्यता?"

"हो, आजी."

"मले तं येड्याचा बाजार वाटते. एक फेकते, एक हाणते, बाकीचे उन्हात उभे. त्यापरीस कबड्डी बरी, सारेच धुळीत."

"बरोबर आहे, आजी."

"लग्नात डीजे पाहिजेच. छाती धडधडली का म्हाताऱ्याले कळते, अजून जित्ता आहो."

"पाहिजेच."

"नाई, पण सनईच बरी."

"सनईच बरी, आजी."

मामा खूश होऊन पोह्यांतले शेंगदाणे वेचू लागले. पुष्पाबाई मात्र खट्टू झाल्या. करिष्मा त्यांच्या हाताखाली वाढलेली. दोन शब्द वाजल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे. अन् हा होयबा! आज आजीला हो म्हणतो, उद्या आईला म्हणेल, परवा शेजाऱ्याला, अन् पोरगी बसेल भिंतीशी बोलत. त्यांचे मालक कडूबा होते तोवर दोघांचं रोज वाजायचं, पण त्या घरात त्या एकट्या कधी पडल्या नाहीत. नकार द्यायचा, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं. तरी एक शेवटचं विचारलं.

"अन् ते मोबाईलचे गेम? डोकी सडून राह्यली पोट्ट्याइची."

"बेकारच, आजी. मी तर हातही लावत नाही."

दारात चहा घेऊन आलेल्या करिष्मानं ट्रे टेबलावर आदळला.

"हात लावत नाही? मंग गाव वसवायच्या गेममधे माझा बाजार पाडून रस्ता कोनं नेला बे?"

करिष्माच्या आईनं, वंदनानं, कपाळाला हात लावला. मामांचा शेंगदाणा हातातच राहिला.

"म्हंजे, तुमची वळख आहे?" अविनाशनं विचारलं.

"गेममधेच झाली, बाबा," करिष्मा लाल होऊन म्हणाली. "आजीच्या शब्दाले शब्द लावू नको, असं म्याच सांगतलं याले. पण इतकं खोटं बोल असं नोतं सांगतलं!"

"रस्ता नेला नसता तर तुझा बाजार तुंबला असता," शिवमचा आवाज पहिल्यांदा चढला.

"तुंबू दे ना! भाजीवाल्या बायांनी टोपल्या काय तुझ्या डोक्यावर मांडाव्या?"

पुष्पाबाई जागच्या जागी ताठ झाल्या. "थांब वं पोरी. मले बोलू दे. पाहुणे, आमचं बसस्टँड गावाबाहेर नेलं पाहिजे. त्या भोंग्यानं दुपारी डोळा लागत नाही."

"हो, आ..." शिवमनं करिष्माकडे पाहिलं. "नाही, आजी. चुकते तुमचं."

"काऊन?"

"खेड्यावरची बाई लेकरू काखेत घेऊन दवाखान्यात येते. तुमच्या झोपेसाठी तिनं उन्हात कोसभर चालावं?"

"मंग मी जागी राहू?"

"राहा. दुपारी झोपता कायले?"

मामांनी डोळेच मिटले. "पोराचं तोंड सुटलं जी, माफ करा," ते पुटपुटले. "निघतो आम्ही."

"निघता कुठं? वंदना, चार पोळ्या जास्त टाक."

"म्हणजे होकार समजू का?" मामांनी भीतभीत विचारलं.

"तुमाले काय समजायचं ते समजा, मले मधात बोलवू नका," पुष्पाबाई खुर्ची शिवमच्या अंगाशी ओढत म्हणाल्या. "हं, दवाखान्याचं म्हणता ना? मंग दवाखानाच बाहेर न्या!"

"अन् बाळंतीण, आजी? तिले कोण नेईन?"

"आजी, हे मले पण पटत नाही," म्हणत करिष्मानंही स्टूल ओढलं.