खिळ्यावरच्या पट्ट्या

तेलाची बाटली जिन्यात फुटली आणि माझं घर धोक्यात आलं.

मी तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. इमारतीला लिफ्ट नाही. त्या दिवशी बाजारातून येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझी बोटं उघडली. दुखली नाहीत, थरथरली नाहीत, झोपेत एखाद्याची मूठ उघडते तशी नुसती उघडली. पिशवी खाली, तेल पायऱ्यांवर, आणि त्या तेलावरून खालचा शिंपी बसल्या बसल्या पहिल्या मजल्यावर पोचला. त्याला काही लागलं नाही, पण त्यानं माझ्या मुलाला फोन केला.

मुलगा आला तो ठरवूनच आला. "आई, आता पुरे. आमच्याकडे चल. मागची खोली रिकामी करतो."

"त्या खोलीत तुझी सायकल आहे."

"काढतो ना बाहेर."

"नको, राहू दे. मी तरी तिथे दिवसभर काय करू? ती चालवीन."

सूनबाई हसली. मुलगा हसला नाही. माणसं दोघंही चांगली आहेत. त्यांच्याकडे मला चहासुद्धा हातात मिळेल, आणि तेच मला नको आहे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून इस्पितळाच्या लाँड्रीचं जुनं धुराडं दिसतं. त्या लाँड्रीत मी उमेदीची सगळी वर्षं काढली. सकाळचा चहा स्वतः करून त्या धुराड्याकडे बघत प्यावा, एवढंच माझं मागणं.

शेवटी सूनबाईनं तोड काढली. उन्हाळा संपेपर्यंत मुदत. मग आठवड्याचा बाजार दोन पिशव्यांत भरून रस्त्यापासून माझ्या ओट्यापर्यंत मी आणायचा. कुणी हात लावायचा नाही आणि काही पडता कामा नये. जमलं तर विषय बंद. नाही जमलं तर सायकल बाहेर आणि मी आत.

गल्लीच्या टोकाला पूर्वी फर्निचरचं दुकान होतं, तिथे आता जिम आहे. तिथली शिकवणारी मुलगी चणीनं एवढीशी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणतात, पण ही चिमणी स्वतःच्या दुप्पट वजन जमिनीवरून उचलते. मी दारात उभी राहिले तेव्हा तिला वाटलं, मी पत्ता विचारायला आलेय.

"आजी, कुणाकडे जायचंय?"

"तिसऱ्या मजल्यावर," मी म्हटलं, "दोन पिशव्या घेऊन."

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मला कामाला लावलं. कंबरेतून वाकायचं, पाठ सरळ, पायांनी जमीन ढकलायची आणि लोखंडी दांडी मांड्यांपर्यंत आणायची. मला हे नवं नव्हतं. ओल्या चादरींचं गाठोडं आम्ही असंच उचलायचो, फक्त त्याला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं. महिन्याभरात पाय कामाला लागले, पाठ ताठ झाली. हात मात्र मागेच राहिले. पाय म्हणायचे अजून, आणि बोटं उघडायची.

मग एक दिवस चिमणीनं कापडी पट्टे आणले. एक टोक मनगटाभोवती, दुसरं दांडीला वेढे देऊन. म्हणजे बोटं सैल पडली तरी दांडी हातातून जात नाही.

मी हात मागे घेतले. "हे नको."

"का?"

"आमची थोरली म्हणायची, हाताला बांधून उचलू नये."

"तुमची मोठी बहीण?"

"लाँड्रीतली सगळ्यांत जुनी बाई. तिला थोरली म्हणायचो."

"का उचलू नये म्हणायची?"

आणि मला सांगता येईना. थोरलीचा आवाज आठवत होता, भिजून सुरकुतलेली तिची बोटं आठवत होती, वाफेतला सोड्याचा वासही आठवत होता. कारण आठवत नव्हतं.

"आजी, तुमच्या बोटांसाठी मी तुमच्या पायांना किती दिवस ताटकळत ठेवू?" चिमणी म्हणाली. "पायांना जेवढं वजन लागतं तेवढं बोटांना पेलत नाही. पट्टा बांधला की पाय आपलं काम करतील."

"आणि बोटं आळशी झाली म्हणजे?"

"हो, तेही होतं. सारखं बांधलं तर होतं," ती प्रामाणिकपणे म्हणाली. शेजारी आरशासमोर दंड फुगवणाऱ्या एका पहिलवानाला तिनं विचारलं, "तुझं काय मत?"

"मी कायम बांधतो," तो म्हणाला.

"म्हणूनच याला लोणच्याची बरणी उघडत नाही. घरी बायको उघडून देते."

"ती बरणीच तशी आहे," पहिलवान म्हणाला आणि पुन्हा आरशाकडे वळला.

त्या दिवशी मी पट्टे बांधले नाहीत, पण डोक्यात किडा शिरला. थोरलीला कारणाशिवाय बोलायची सवय नव्हती. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना मी तोच विचार करत राहिले. जितकं आठवत गेलं तितका घोळ वाढला. कारण धुण्याच्या हौदाशेजारी भिंतीत एक खिळा होता आणि त्याच्यावर फाटक्या चादरींच्या किनारीच्या पट्ट्या लटकत असायच्या. मनगटाला गुंडाळून गाठोड्याच्या गाठीत अडकवायच्या पट्ट्या. आम्ही सगळ्या त्या वापरायचो. थोरलीसुद्धा. मग ती नको कशाला म्हणायची?

उत्तर मिळालं ते जिममध्येच. एका संध्याकाळी चिमणीनं जड दांडी पट्टे बांधून उचलली, खाली ठेवली, पट्टे सोडवून भिंतीवरच्या आकड्याला अडकवले आणि मग दोन हातांत दोन वजनं घेऊन खोलीभर चालायला लागली. मोकळ्या हातांनी.

"आता का नाही बांधले?" मी विचारलं.

"चालताना तोल गेला तर टाकता आलं पाहिजे ना हातातलं."

मी तिथेच बाकावर बसले. मला उतार दिसला. हौदापासून वाळवणाच्या खोलीकडे जाणारा सिमेंटचा उतार, त्याच्या तोंडाशी चाकाची गाडी, आणि आमची लांबवेणी. तिची वेणी गुडघ्यापर्यंत होती, म्हणून ते नाव. गाठोडं गाडीत टाकताना तिच्या मनगटावरची पट्टी तशीच राहिली आणि गाडी सुटली. गाडीबरोबर गाठोडं, गाठोड्याबरोबर लांबवेणी, उताराच्या टोकापर्यंत. खांदा निखळला. त्यानंतर थोरलीनं तो खिळा ठोकला. हौदातून ओढताना बांधा, खुशाल बांधा. उताराकडे वळायच्या आधी पट्टी खिळ्यावर, तिथे हाताला बांधून उचलू नये. इतक्या वर्षांत मी निम्मंच वाक्य जपून ठेवलं होतं.

चिमणीला सांगितलं तेव्हा ती कितीतरी वेळ लाँड्रीबद्दलच विचारत राहिली. गाठोडं केवढं असायचं, गाठ कशी मारायचा, किनारच का. मी सांगितलं, चादर फाटली तरी किनार टिकते.

मग आम्ही तसंच केलं. जमिनीवरून जड उचलायचं तर पट्टे. ते झालं की पट्टे आकड्यावर आणि मोकळ्या हातांनी वजनं घेऊन चालणं. बोटं उघडायच्या बेतात आली, की चिमणी म्हणायची, "पाडू नका, ठेवा." उचलण्यापेक्षा ते ठेवणंच अवघड होतं. सगळी ताकद संपायच्या आत थांबावं लागतं, आणि मला आयुष्यात थांबायची सवय नाही.

उन्हाळा संपला. मुलानं स्वतः पिशव्या भरल्या, आणि बटाट्यांच्या बाबतीत हात सैल सोडला.

"एवढे बटाटे मी आठवड्यात खाते?" मी विचारलं.

"पाहुणे आले तर?"

"अहो, पुरे," सूनबाई त्याला म्हणाली. वर तिनं तेलाची बाटली ठेवली. ती बाटली हवीच होती.

मी निघाले. मुलगा माझ्या मागे, त्याच्या मागे सूनबाई. शिंपी दार किलकिलं करून बघत होता, आज उंबऱ्याच्या आतून. पहिला मजला सहज गेला. पुढे पाय म्हणायला लागले अजून. दुसऱ्या मजल्याच्या वळणाशी, तेल सांडलं होतं तिथेच, उजव्या हाताची बोटं सुटायला लागल्याचं मला कळलं. मी गुडघ्यांत वाकले आणि दोन्ही पिशव्या पायरीवर ठेवल्या. बाटली किणकिणलीसुद्धा नाही.

मग मुलगा हळूच म्हणाला, "आई, राहू दे. मी घेतो."

"हात लावायचा नाही असं ठरलंय."

"पण तू ठेवल्यास ना खाली."

"ठेवल्या. पडल्या का?"

त्यानं सूनबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "थांबायचं नाही असं कुठं ठरलं होतं? मीच ठरवलंय ना सगळं."

मी बोटं उघडमीट केली. भिंतीचा गारवा तळव्यांना लावला. मग पायांनी जमीन ढकलली आणि पिशव्या पुन्हा माझ्याबरोबर आल्या.

ओट्यावर बाटली उभी केली तेव्हा मुलगा खुर्चीत बसून धापा टाकत होता, रिकाम्या हातांनी. चहा मी केला. तो पिशवीतले बटाटे काढून टोपलीत ठेवत राहिला, एकेक करून, माझ्याकडे न बघता.

"अजून वळणावर थांबावं लागतंय," तो शेवटी म्हणाला.

"लागतंय."

पुढच्या रविवारी तो आला तो एक लाकडी स्टूल घेऊन. ते त्यानं दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीला टेकवून ठेवलं आणि हलतंय का ते दाबून पाहिलं. पिशव्या ठेवायला वाकावं लागू नये म्हणून, असं त्याचं म्हणणं. आता शिंपीही त्याच्यावर बसतो.