दुपारच्या पाळीतली अक्षरं

जोतीराम मुद्दाम यंत्र बिघडवतो, याबद्दल त्र्यंबकरावांच्या मनात आता तिळमात्र शंका उरली नव्हती. सवाल होता तो फक्त रंगेहाथ पकडण्याचा.

छप्पन्न साल होतं. कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या त्या बिनतारी कचेरीत मुंबईहून हवामानाचे आकडे येत. पूर्वी ते कानांनी ऐकून लिहावे लागत. आता नवं यंत्र स्वतःच कागदावर छापायचं. सकाळी कागद कसा लख्ख. दुपारी जोतीराम बसला, की आकड्यांचा नुसता चिवडा! बरं, हे सुरू झालं ते नेमकं त्याचा अर्ज नाकारल्यापासून. "दुपारी फुटबॉलचा सराव असतो, सकाळची पाळी मिळावी," असा तो अर्ज. सगळं जुळत होतं. त्र्यंबकरावांनी कालच पुण्याच्या मुख्य कचेरीला पत्र धाडलं होतं: या माणसाला कामावरून काढावं.

खरं तर यंत्रासाठी ते स्वतः किती झटत होते! शेजारच्या पिठाच्या गिरणीत नवी मोटर आली होती. बाराला ती सुरू झाली, की यंत्राच्या कर्ण्यात लाह्या फुटल्यासारखी तडतड. मग त्र्यंबकराव उठून, नको तो आवाज अडवणाऱ्या गाळणीचं बटण शेवटपर्यंत आवळत. तडतड गायब! वीस वर्षं तारेची कडकट्ट ऐकलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. गाळणी जितकी बारीक, तितका आवाज स्वच्छ.

आज ते "चहा घेऊन येतो" म्हणून निघाले आणि मागच्या जिन्यानं हळूच वर आले. जोतीरामचा हात त्याच बटणावर होता.

"सापडलास! काय करतोयस?"

जोतीराम दचकला. "काय न्हाय साहेब, बंद करत हुतो."

"बंद? म्हणजे आधी उघडलं होतंस!"

"व्हय. तुमी भाईर गेला की उघडतो, तुमी यायच्या आत परत आवळतो."

"कबूल करतोय वर! मिस्त्री, ऐकलंत?"

यंत्रं दुरुस्त करणारा सिकंदर मिस्त्री आतल्या खोलीतून आला. कागदाची गुंडाळी उलगडून तो ओळींपुढे छापलेल्या वेळा पाहू लागला.

"साहेब, च्याला कवा गेलता?"

"दोन दहाला."

"दोन धा पतुर चिवडा हाय. दोन धा ते दोन अठरा एक चूक. काल तुमी जेवाय गेलता, तवाबी कागद चांगला."

त्र्यंबकरावांच्या कपाळाला आठी पडली. या दोघांनी संगनमत तर केलं नाही ना?

"असं कसं होईल? गाळणी बारीक केली तर आवाज कमीच होणार!"

"आवाज कमी हुतोय की," मिस्त्री शांतपणे म्हणाला. "पर ही काय जुनी तार न्हवं. हितं दोन शिट्ट्या. एक वरची, एक खालची. एका अक्षराला पाच ठोकं, आन् त्यात घडीघडी शिट्टी बदलतीया. जोतिबाच्या देवळातली घंटा बडवली तर लगीच गप बसती व्हय? घुमत ऱ्हाती. भराभर बडवा, मग किती ठोकं झालं सांगा बघू?"

"नाही सांगता येणार."

"गाळणी लई आवळली की तीबी तशीच घुमती. पयली शिट्टी सरंना, तवर दुसरी आली. यंत्रानं वळखायचं कसं? बटण मधी ठेवा. थोडी तडतड ईल, एखादं अक्षर जाईल. पर वाचता ईल."

त्र्यंबकरावांनी स्वतः बटण मध्यावर आणलं. तडतड वाढली. त्यांचा हात शिवशिवला. पण समोर कोल्हापूरचा पाऊस सरळ ओळीत उमटू लागला.

"तुला कळलं होतं, तर बोलला का नाहीस?"

"तुमी लावल्यालं बटण! म्या फिरवलं म्हनलं असतं, तर पेठंभर वरडला असता की."

मिस्त्री हसला. त्र्यंबकरावांना मात्र हसू येईना. कालचं पत्र आज पुण्यात पोचलं असणार. त्यांनी टोपी चढवली.

"कुठं निगाला साहेब?"

"तारऑफिसात. तुझं नाव काढलं जाण्याआधी, चूक करणाऱ्याचं म्हणून माझं नाव कळवायला हवं."

"तुमचं नगा घालू, साहेब. यंत्राचं घाला."

"यंत्रानं पत्र लिहिलं नव्हतं, जोतीराम," ते म्हणाले आणि जिना उतरू लागले.