ज्वारीतला पुरावा

वेंडेल फ्रीझनला त्या वर्षी एकही टोर्नेडो लाभत नव्हता. अमेरिकेतल्या कॅन्ससात, जिथे दर वर्षी अशी भोवऱ्यासारखी वादळं येतात, तिथे राहून हे म्हणजे फारच झालं. हवामान कचेरीसाठी तो हौसेनं आभाळावर नजर ठेवायचा. काही दिसलं की कचेरीनं दिलेल्या रेडिओवरून कळवायचं, मग कचेरीतली शेली येणार, पडझड तपासणार आणि टोर्नेडो खरा की खोटा ते सांगणार. एप्रिलमध्ये त्यानं कळवलेला टोर्नेडो ट्रॅक्टरमागची धूळ निघाला. जुलैतला, पेटवलेल्या काडाचा धूर. त्यावर शेली फोनवर फार गोड बोलली. त्या गोडव्याचा अर्थ वेंडेलला कळला. आणखी एक चूक झाली की रेडिओ दुसऱ्याकडे जाणार.

"सुटशील," बायको अर्मा म्हणाली. "जेवताना तरी खिडकीऐवजी माझ्याकडे बघशील."

"तू गरगर फिरायला लाग, बघतो."

ऑक्टोबरातल्या एका दुपारी गोठ्यामागे खराखुरा आला. बारीक, राखाडी, थोडा वाट चुकल्यासारखा. त्यानं शेडचं छप्पर उचललं, कॉटनवुडची झाडं पाडली आणि ज्वारीत शिरून विरून गेला. वेंडेलनं लगेच रेडिओवर सांगितलं.

"सकाळी येते," शेली म्हणाली. "काय कुठल्या दिशेला पडलंय, त्यावरच सगळं ठरतं. काडीलाही हात लावू नका!"

पण शेजारी आले. करवती, ट्रॅक्टर, नूडल्सची भांडी घेऊन आले. वेंडेल दारात आडवा उभा राहिला.

"नको, राहू दे! खरंच नको!"

आता त्या मेनोनाइट पंथाच्या ख्रिस्ती वस्तीत मदतीला आधी 'नको' म्हणणं हा साधा शिष्टाचार होता. खरंच नको असेल तर काय म्हणायचं, याची कुणाला गरजच पडली नव्हती. वेंडेल जितका ओरडला, तितका सगळ्यांना तो भिडस्त वाटला. दिवस मावळायच्या आत ओंडके रचून झाले, छप्पर ठोकून झालं, आणि अंगण वादळाआधी कधी नव्हतं इतकं स्वच्छ झालं. पुरावा म्हणून उरली ती ज्वारी.

सकाळी वेंडेल चहा पीत असताना तिकडूनही इंजिनाचा आवाज आला. शेजारचा लावर्न उनरू हार्वेस्टर घेऊन बांधाशी पोचला होता. वेंडेल सपाता घालूनच धावला आणि यंत्रापुढे हात पसरून उभा राहिला.

"लोळलेलं पीक सडेल!" लावर्न वरून ओरडला. "संकोच कसला करतोस?"

"नको म्हणतोय ना!"

"ते कळलं रे! आता बाजूला हो!"

वेंडेलनं थोडा विचार केला आणि ज्वारीत फतकल मारली. लावर्ननं इंजिन बंद करून अर्माला फोन लावला. "अर्मा, वेंडेल ज्वारीत बसलाय."

"येते," अर्मा म्हणाली.

ती आली ती दोन खुर्च्या घेऊन. एकीवर वेंडेलला बसवलं, त्याच्या पाठीचा भुसा झटकला आणि दुसरीवर स्वतः बसली.

"तुला पटलंय का, तो टोर्नेडो होता म्हणून?" वेंडेलनं विचारलं.

"नाही. पण तू एकटा बसलास की फारच वेडा दिसतोस."

मग शेली आली. चकचकीत अंगण बघून तिनं कपाळाला हात लावला. वेंडेलनं नुसतं ज्वारीकडे बोट दाखवलं. खालून काही उमगेना, तेव्हा ती हार्वेस्टरच्या शिडीनं टपावर चढली आणि वाकून शेत न्याहाळू लागली. वेंडेलनं खुर्चीचा हात घट्ट धरला. तो हात अर्माचा होता.

"सगळी ताटं आत वळून पडलीत," शेली वरून म्हणाली. "गोल. साध्या वाऱ्यानं एकाच बाजूला पडली असती. अभिनंदन, वेंडेल, टोर्नेडोच आहे. वर्ग शून्य."

"शून्य?" लावर्न म्हणाला. "एवढं करून शून्य?"

"सगळ्यात हलका. पण खरा. आणि रेडिओ तुमच्याकडेच राहील."

वेंडेल खुर्चीतून उठला. तोवर अर्मा शिडी चढू लागली होती. वर पोचताच तिनं लावर्नला बोलावलं, आणि टोर्नेडो कुठून आला, कसा वळला, कुठे दमला, हे हातवारे करून सांगायला लागली, जणू रेडिओवर तिनंच कळवलं होतं. वेंडेल खाली शिडी धरून उभा राहिला. तिला उतरवायला बराच वेळ लागला.