आखूड पट्टा

कॉलेजातला उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर बंद पडायला आला होता, म्हणून अनुजा मॅडमनी तो रिकामा करायला घेतला. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवता शिकवता निवृत्ती जवळ आली होती. थकवा होता तो शिकवण्याचा नव्हे, बैठकांचा. तळाच्या खोक्यात त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याच्या, झिशानच्या, डीएनएच्या नळ्या निघाल्या. पीएच.डी. अर्ध्यात टाकून तो मुरगूडला मामाच्या बॅटरीच्या दुकानात बसायला लागला होता.

त्याचा विषय होता जीवाणूतला एक स्विच. जीवाणू थायमिन हे जीवनसत्त्व स्वतः बनवतो आणि पुरेसं झालं की ते बनवणारं जनुक बंद करतो. हे काम त्या जनुकावरून उतरणारा आरएनएच करतो. त्याच्या सुरुवातीच्या घडीत थायमिन अडकलं की पुढचा भाग स्वतःशीच पीळ घालतो, आणि आरएनए उतरवणारं एन्झाइम तिथंच सुटून पडतं. आरएनए आखूड राहतो, जनुक गप्प बसतं. थायमिन नसेल तर आरएनए पूर्ण लांबीचा होतो. आरएनए लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर हे दोन वेगळे पट्टे दिसायला हवेत. झिशानला थायमिन घालूनही कायम लांबच पट्टा दिसला. शेवटी त्यानं नाद सोडला.

टाकून द्यायच्या आधी मॅडमनी एकदा प्रयोग लावला. आरएनएचा कच्चा माल मात्र कमी घातला. घडी जमायच्या आतच एन्झाइम पुढं पळून जात असेल, तर माल कमी पडून ते सावकाश चालेल आणि घडीला वेळ मिळेल, एवढाच विचार होता.

आखूड पट्टा आला.

त्या स्टुलावर बसल्या. आनंद व्हायला हवा होता. पाय तेवढे दुखत होते. त्यांनी झिशानला फोन लावला.

"दुकानात हाय मॅडम. बोला की."

"आखूड पट्टा आला, झिशान. एन्झाइम सावकाश चालवलं."

पलीकडे कोणीतरी ट्रॅक्टरच्या बॅटरीचा भाव विचारत होतं. झिशाननं त्याला थांबायला सांगितलं.

"थायमिन घातल्यावरच आला?"

"हो. नसताना लांबच येतो."

"आरएनएची घडी जमू नये म्हणून बिघडवलेला डीएनए चालवला का? निळ्या टोपणाच्या नळीत हाय बघा."

"नाही अजून."

"मग अजून काय खरं न्हाय मॅडम. सावकाश झालं की एन्झाइम कुठंबी सुटून पडंल. बिघडवलेल्यात थायमिन घालूनबी लांब पट्टा ऱ्हायला, तर घडीनंच थांबवलं म्हणायचं."

"येतोस का? मिळून लावू."

"न्हाय मॅडम. अब्बांचं डायलिसिस असतंय. आणि खरं सांगू का, आता त्यात डोकं घालवत न्हाय."

मॅडमनी आग्रह केला नाही. हा सूर त्यांच्या ओळखीचा होता; बैठकांत त्या स्वतः असंच बोलत.

दुसऱ्या दिवशी तास संपवून त्यांनी निळ्या टोपणाची नळी शोधली. बिघडवलेल्या डीएनएवर थायमिन घालून पाहिलं. लांबच पट्टा आला. खात्रीसाठी सगळं पुन्हा लावलं, तरी तेच. त्यांनी जेलचा फोटो पाठवला. संध्याकाळी झिशानचा फोन आला.

"म्हणजे खरंच घडीमुळं थांबतंय," तो हळू आवाजात म्हणाला.

"हो. शोधनिबंधात तुझं नाव पहिलं घालतेय."

"घाला. घरात दाखवीन." मग म्हणाला, "तुमी घरी जावा आता, मॅडम. दमलायसा."

"कशावरून?"

"आवाजावरनं कळतंय."

निबंध पुढच्या उन्हाळ्यात छापून आला. झिशान परत आला नाही. मॅडमनी त्याला प्रत पाठवली. 'मिळाली' एवढाच मेसेज आला. त्यांनाही याहून जास्त काही लिहायला सुचलं नसतं.